ठेकेदाराने घराचं नुकसान केलं, तर भरपाई कशी मिळवायची? खानदेशातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

घर बांधताना, वरचा मजला चढवताना, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करताना किंवा शेजारी पाया खोदताना आपल्या घराचं नुकसान होतं आणि ठेकेदार हात वर करतो. जळगाव असो, धुळे, नंदुरबार असो की चाळीसगाव, शिरपूर, शहादा, सगळीकडे ही तक्रार ऐकू येते. बहुतेक घरमालक काही दिवस भांडतात, मग पदरचे पैसे घालून दुरुस्ती करतात आणि विषय सोडून देतात. त्यातल्या कितीतरी जणांना भरपाई मिळू शकली असती, म्हणून हे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत.

नुकसान आजच झालं आहे. पहिल्यांदा काय करू?

दुरुस्तीला हात लावू नका. फक्त जिवाला किंवा सामानाला धोका असेल तेवढंच आवरा: गळतीखालून धान्याच्या कोठ्या हलवा, ताडपत्री टाका, मेन स्विच बंद करा, कललेल्या भिंतीजवळ कुणाला झोपू देऊ नका. या तात्पुरत्या कामाच्या पावत्या जपून ठेवा, तो खर्चही मागता येतो.

मग फोटो काढा. आधी लांबून पूर्ण खोलीचा, म्हणजे भिंत कोणती ते कळेल, आणि नंतर जवळून. भेगेशेजारी पट्टी किंवा टेप धरा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तिथेच भिंतीवर तारीख लिहा. आठवड्याने भेग त्या रेघेच्या पुढे गेली, तर नुकसान अजून वाढतंय याचा पुरावा तुमच्या भिंतीवरच असेल. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची जुनी पद्धतही उत्तम आहे. भिंत हलली की काच तडकते.

त्याच दिवशी ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा. फोन करून चार शब्द सुनावले तर मन हलकं होतं, पण हाताशी काही राहत नाही. ‘आज दुपारी तुमच्या कामगारांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत पाइपासाठी खाच मारताना पलीकडचं प्लास्टर आणि कडप्प्याचं शेल्फ पडलं, फोटो सोबत आहेत, उद्या येऊन पाहा’, एवढं पुरे. त्यावर तो ‘भाऊ, करी दिसू ना’ (करून देतो ना) म्हणाला, तर ते उत्तर सोन्यासारखं जपा. नुकसान झाल्याचं त्यात त्याने मान्य केलेलं असतं.

शेजारपाजारच्या दोन माणसांना बोलावून साधा पंचनामा करा: काय दिसलं, कुठे, किती लांबरुंद, तारीख, वेळ, सह्या. गावात पोलीस पाटलांची सही मिळाली तर वजन वाढतं.

आमचा लेखी करारच नाही. सगळं तोंडी ठरलं होतं.

आपल्याकडे बहुतेक घरं अशीच बांधली जातात. चौरस फुटाचा दर ठरतो, लेबर रेट की मटेरियलसह ते ठरतं, इसार दिला जातो आणि काम सुरू होतं. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. अडचण असते ती सिद्ध करण्याची. त्यासाठी फोनपे किंवा गुगल पेच्या नोंदी, चेक, बँकेचा उतारा, ठेकेदाराच्या हस्ताक्षरातली मापाची वही, कच्च्या चिठ्ठ्या, सिमेंट-सळईची बिलं, नकाशावर त्याने केलेल्या खुणा, सगळं उपयोगी पडतं. रोख पैसे दिले असतील तर पुढचा हप्ता देताना ‘आजपर्यंत एकूण इतके मिळाले’ अशी सही घ्या. एका सहीत मागचे सगळे व्यवहार येतात.

फोनमधले मूळ संदेश आणि फोटो पुसू नका, फोन बदलला तर जुना सांभाळून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देताना मूळ उपकरणाचा तपशील लागतो.

तक्रार कुठे करायची? ग्राहक आयोग की कोर्ट?

आधी एक पाहा: नुकसान करणाऱ्या ठेकेदाराला काम तुम्ही दिलं होतं का? पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

काम तुम्ही दिलं असेल आणि पैसे दिले असतील किंवा द्यायचं कबूल केलं असेल, तर तुम्ही ग्राहक आहात. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच सांगितलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत गृहबांधणी आहे. त्यामुळे निकृष्ट काम, अर्धवट काम आणि काम करताना झालेलं नुकसान, तिन्हीसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तो आहे. सेवेचा दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. मर्यादा दिलेल्या मोबदल्यावर मोजतात, मागितलेल्या भरपाईवर नाही.

२०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली: तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथेही तक्रार करता येते. ठेकेदार सुरतेचा किंवा इंदूरचा असला तरी अमळनेरच्या माणसाने जळगावलाच तक्रार करावी. खानदेशाच्या दोन बाजूंना दुसरी राज्यं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

काम तुम्ही दिलेलं नसेल, म्हणजे ठेकेदार शेजाऱ्याचा किंवा महापालिकेचा असेल, तर तुम्ही त्याचे ग्राहक नाही. तिथे निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा करावा लागतो.

करारात ‘वाद झाल्यास लवाद’ असं लिहिलं आहे. मग?

तरीही ग्राहक आयोगात जाता येतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे.

शेजाऱ्याने जेसीबी लावून पाया खोदला आणि आमच्या भिंतीला तडे गेले. काय करता येईल?

जुन्या गावठाणात हा प्रश्न फार बिकट आहे. धाब्याची घरं, मातीच्या रुंद भिंती, दोन घरांत मिळून एकच सामाईक भिंत. त्यातलं एक घर पाडून तिथे आरसीसी उभारायचं ठरतं. जेसीबी एका सकाळीत आठ फूट खोल जातो आणि इकडच्या भिंतीखालची माती मोकळी होते. शंभर वर्षं उभी असलेली भिंत बसायला मग एक जोरदार पाऊस पुरतो.

तडे दिसताच खोदकाम थांबवायची लेखी मागणी करा: शेजाऱ्याला, ठेकेदाराला आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागाला. गाव असेल तर ग्रामपंचायतीला. अर्जाची पोच घ्याच. परवानगी आहे का, नकाशात तळघर दाखवलंय का, देखरेखीला कोणता परवानाधारक अभियंता आहे, हे माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

पण खड्डा उघडा आहे आणि भिंत हलतेय, अशा वेळी ३० दिवस वाट पाहू नका. वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात तात्पुरता मनाई हुकूम मागा आणि सोबत कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. कमिशनर जागेवर येऊन मापं घेतो, नोंद करतो. खड्डा भरून त्यावर प्लिंथ उभं राहिल्यावर खोदकाम किती खोल आणि किती जवळ होतं ते कुणालाच दाखवता येत नाही, म्हणून हा अहवाल लाखमोलाचा. शेजाऱ्याने आधाराची भिंत किंवा शोअरिंग (तात्पुरते टेकू) न लावता खोदलं असेल, तर निष्काळजीपणा दाखवणं सोपं जातं. जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ मध्येही मानलेला आहे.

माझं मत विचाराल तर शेजाऱ्याशी बोलणं शेवटपर्यंत चालू ठेवावं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गल्लीत राहायचं असतं, आणि अनेकदा शेजाऱ्यालाही ठेकेदाराने अंधारात ठेवलेलं असतं. फक्त बोलणं चालू आहे म्हणून अर्ज देणं थांबवू नका.

ठेकेदार म्हणतो, भेगा काळ्या मातीमुळे आल्या. त्याचं खरं असेल का?

असू शकतं, म्हणून हा प्रश्न नीट समजून घ्या. तापी-गिरणा-पांझरेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची माती पाणी प्यायली की फुगते आणि एप्रिल-मेच्या उन्हात आकसून फाटते. त्यावर पुरेशा खोलीचा पाया नसेल तर घर दरवर्षी थोडं वरखाली होतं.

या हंगामी भेगा उन्हाळ्यात रुंदावतात, पावसाळ्यात मिटत आल्यासारख्या दिसतात आणि घराच्या एकाहून जास्त बाजूंना असतात. खोदकामाने आलेल्या भेगा बहुधा खोदकामाच्या बाजूलाच सुरू होतात, दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जातात, काही दिवसांत वाढतात आणि पाऊस पडून गेला तरी मिटत नाहीत. त्याच बाजूचं दार अचानक घासायला लागणं, फरशीचा सांधा उघडणं, स्कर्टिंग भिंतीपासून सुटणं, या बारीक गोष्टी तारखेसह लिहून ठेवा.

निर्णायक मत मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच. त्याच्याकडून नुसतं ‘घराला तडे आहेत’ असं पत्र घेऊ नका. तडे कशामुळे आले, दुसरी कारणं का नाहीत आणि दुरुस्तीला किती खर्च येईल, हे तिन्ही अहवालात हवं. गरज पडली तर तो रिबाउंड हॅमर किंवा अल्ट्रासोनिक चाचणी करून काँक्रीटची स्थिती पाहतो. फी जाते खरी, पण ती भरपाईत मागता येते.

आणि घर बांधणारा ठेकेदार तुमचाच असेल, तर काळ्या मातीचं कारण त्याच्यावरच उलटतं. माती काळी आहे हे पाया खणताना त्याला दिसत होतं. माती काढून मुरमाची भर टाकणं, कठीण थरापर्यंत जाणं किंवा अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल जाणारे, तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) सुचवणं हे कसबी माणसाचं काम. ‘मालकानेच खर्च वाचवा म्हटलं’ असं तो सांगेल. तसं तुम्ही खरंच म्हटलं असेल तर भरपाई कमी होऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

मे महिन्यात स्लॅब टाकला, भेगा पडल्या. ठेकेदार म्हणतो, पाणी मारायचं काम मालकाचं होतं.

लेबर रेटच्या कामात पाणी मारायची जबाबदारी मालकाने घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि वाद तिथेच पेटतो. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं) हवं. पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला अशा हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांत हा नियम मोडला तर स्लॅब माफ करत नाही.

पण भेग केव्हा दिसली ते आठवा. स्लॅब टाकल्यावर काही तासांतच, त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी केसासारख्या भेगांचं जाळं दिसलं असेल, तर ओलं काँक्रीट उन्हा-वाऱ्यात भराभर सुकल्याची ती खूण आहे. भर दुपारी स्लॅब टाकणं, मालात जास्तीचं पाणी ओतणं, वर ओलं पोतं न अंथरणं ही ठेकेदाराची चूक. तेव्हा तुमची पाणी मारायची वेळही आली नव्हती. उलट वाफे बांधून पाणी भरायचं तुमच्याकडे होतं आणि वाफे दोन दिवसांत कोरडे पडले, तर तुमची बाजू लंगडी होते. पाणी मारण्याची जबाबदारी कुणाची ते आधीच एका ओळीत लिहून घ्या आणि भरलेल्या वाफ्यांचा रोज एक फोटो काढा.

त्याचे उरलेले पैसे अडवून ठेवू का?

ठेवू शकता, पण कारण लेखी कळवून, आणि नुकसानीच्या अंदाजाएवढेच. पन्नास हजारांच्या दुरुस्तीसाठी चार लाख अडवले तर तोच तुमच्यावर वसुलीचा दावा लावेल. ठेकेदार पैसे देत नाही म्हणून गवंडी आणि बिगारी तुमच्या दारात आले, तर त्यांच्यावर राग काढू नका. त्यांची हजेरी अडकली आहे आणि त्यांच्याशी तुमचं भांडण नाही.

नुकसान ठेकेदाराने नाही, त्याने आणलेल्या प्लंबरने केलं आहे.

काम तुम्ही ठेकेदाराला दिलं असेल तर जबाबदार ठेकेदार. त्याने ते पुढे कुणाला दिलं हा त्यांचा आपसातला व्यवहार. प्लंबरला तुम्ही वेगळे पैसे देऊन स्वतः बोलावलं असेल, तर मात्र प्लंबरला विचारा.

नोटीस वकिलाकडूनच पाठवावी लागते का?

नाही. स्वतःच्या सहीची नोटीसही चालते. काम काय ठरलं, किती पैसे दिले, काय नुकसान झालं, किती रक्कम हवी आणि किती दिवसांत (१५ दिवस पुरेसे), एवढं साध्या मराठीत लिहा. ‘तुला बघून घेतो’ छापाचं एकही वाक्य नको, पुढे तो कागद न्यायाधीशांपुढे जाणार असतो. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. त्याने पाकीट घेतलं नाही तर परत आलेलं पाकीट न फोडता जपा.

किती भरपाई मागावी?

पुराव्याने दाखवता येईल तेवढी. पूर्ववत दुरुस्तीचा खर्च, त्यासाठी दोन वेगवेगळ्या मिस्तरींचे किंवा ठेकेदारांचे लेखी अंदाज, खराब झालेलं सामान, दुरुस्तीच्या काळात भाड्याने राहावं लागलं तर भाडं, तज्ज्ञाची फी, व्याज, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. सामानात वर्षाचा गहू-ज्वारी, डाळी, पापड-कुरडया भिजल्या असतील तर त्याही लिहा. खानदेशात घरात वर्षभराचं धान्य भरलेलं असतं आणि त्याची किंमत हजारोंत जाते.

दोन गोष्टी सांभाळा. जुन्या धाब्याच्या भिंतीच्या बदल्यात नव्या आरसीसी भिंतीचा पूर्ण खर्च मिळेल असं धरून चालू नका. आणि करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केलं तेही पाहिलं जातं. गळतीखाली दोन महिने फर्निचर तसंच ठेवलं तर त्याचे पैसे मिळणं अवघड.

महापालिकेच्या पाइपलाइनच्या किंवा भुयारी गटारीच्या ठेकेदाराने ओटा, कंपाउंड, नळजोड तोडला तर?

मनपा आयुक्तांना अर्ज द्या आणि कामाचा कार्यादेश व निविदेच्या अटी माहितीच्या अधिकारात मागवा. काम करताना झालेलं नुकसान ठेकेदाराने भरून द्यावं, अशी अट अशा निविदांमध्ये सहसा असते. ठेकेदाराचं बिल निघण्याआधी अर्ज पोचला तर अभियंत्याला ती रक्कम अडवता येते, म्हणून इथे दिवस महत्त्वाचे.

कोर्टात जायचं झालं तर जळगाव आणि धुळे महापालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. राज्य सरकारच्या खात्याविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. सहा महिने बोलता बोलता जातात, हे आधीच ओळखून वकील गाठा.

पोलिसांत तक्रार द्यावी का?

नुसत्या निकृष्ट कामासाठी पोलीस ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. आगळीक, म्हणजे मुद्दाम नुकसान केल्याचा गुन्हा, सिद्ध व्हायला हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. पण इमारत पाडताना किंवा बांधताना माणसांच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९० आहे. भिंत पडून कुणी जखमी झालं तर ताबडतोब तक्रार द्या.

आमचा फ्लॅट आहे. रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीचा स्थावर संपदा नियमन कायदा) लागू होतो का?

बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दिसला तर होतो. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो मोफत दुरुस्त करायचा असतो. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदार लावून बांधलेल्या घराला रेरा लागू नाही.

घराचा विमा असेल तर?

भारत गृह रक्षा पॉलिसी नीट वाचा. बाहेरची वस्तू आदळून झालेलं नुकसान त्यात येतं, पण खोदकामाने किंवा बांधकामाने जमीन खचून झालेलं नुकसान वगळलेलं आहे. मोठ्या ठेकेदाराकडे कामाचा स्वतःचा विमा असू शकतो, नोटिशीत त्याचीही विचारणा करा.

तक्रारीची मुदत किती?

ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षं. करारभंगाच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षं. ‘आखाजी झाली की येतो’, ‘कारागीर गावी गेलेत, पोळ्यानंतर बघू’, ‘दिवाळी होऊ द्या’, या बोलण्यात दोन वर्षं सहज सरतात. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्या भरवशावर थांबू नका.

खर्च किती? वकील लागतोच का?

मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात फी नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४००, वीस ते पन्नास लाखांसाठी १,०००. वकिलाची सक्ती नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्ला मिळतो. ठेकेदाराला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यानंतरचं उत्तर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचं उद्दिष्ट असलं, तरी प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, याची तयारी ठेवा.

दिवाणी दाव्याला सहसा वकील लागतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घर पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असेल तर ही मदत जरूर मागा.

ठेकेदार नात्यातला आहे. कोर्टकचेरी नको वाटते.

मग दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना बसवा, पण ठरलेलं लिहून घ्या: दुरुस्ती काय, कोणत्या मालाने, कोणत्या तारखेपर्यंत, आणि न केल्यास किती रक्कम. तेवढ्यानेही जमलं नाही तर विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज देऊन लोकअदालतीत बसता येतं. तिथली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही. त्यामुळे सही करण्याआधी रक्कम आणि तारखा पुन्हा एकदा वाचा.

आयोगाने माझ्या बाजूने निकाल दिला, तरी तो पैसे देत नाही.

ठेकेदाराला राज्य आयोगाकडे अपील करायला ४५ दिवस असतात, आणि त्यासाठी आदेशाच्या रकमेपैकी ५० टक्के आधी भरावे लागतात. त्याने अपील केलं नाही किंवा स्थगिती मिळाली नाही, तर त्याच जिल्हा आयोगात वसुलीचा अर्ज करा. कलम ७१ खाली आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते, म्हणजे त्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अर्जासोबत त्याचा सध्याचा पत्ता, बँक खातं (तुम्ही ऑनलाइन पैसे पाठवले असतील तर ते तुमच्याकडे आहेच), गाडी, प्लॉट, चालू असलेली कामं, जे माहीत असेल ते द्या. वसुली या माहितीवरच चालते, म्हणून ती निकालाची वाट न पाहता तक्रार करतानाच गोळा करायला लागा.